हातोडा आणि चिलटं

दादाने पहिलं चिलट मारलं ते माझ्या गालावर. "हलू नकोस," एवढंच म्हणाला आणि फाडकन ठेवून दिली. माझ्या कानात घंटा वाजायला लागली, चष्मा उडून पाण्याच्या टाकीत पडला. "मेल्या, मला मारलंस की!" मी ओरडले. त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो तळहात दिव्याजवळ धरून बघत होता. तळहाताच्या मधोमध एक काळा ठिपका, मोहरीएवढासुद्धा नाही. "गेलं," तो म्हणाला, आणि बाही वर करून माझा चष्मा टाकीतून काढून दिला.

असा माझा सख्खा भाऊ. सगळा भाग त्याला हातोडा म्हणतो. नाव ठेवणाऱ्याने उगाच नाही ठेवलं. जुन्या इमारती पाडायचं काम त्याने उभा जन्म केलं. घण घेऊन भिंतीपुढे उभा राहिला की भिंतीलाच घाम फुटावा. आणि माणसांचंही तेच. नाकावर राग. शाळेत मास्तरांच्या हाताला चावला, मुकादमाचा दात पाडला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला टेबलावरून पलीकडे फेकला, का तर म्हणे तो मला 'जाडे' म्हणाला. आमचे वडील त्याला पट्ट्याने रोज फोडून काढायचे. मला कधी बोटही लावलं नाही, सगळा मार दादाच्या वाट्याला. तो त्याने साठवून ठेवला आणि पुढे वाटत सुटला. लहानपणी मला त्या हातांचा केवढा अभिमान! गल्लीत कुणी वाकडं बघितलं की मी म्हणायची, दादाला सांगीन हं. तो मला चिमणी म्हणायचा, अजून म्हणतो. माझं वजन बघितलंत तर तुम्ही हसाल.

त्याच हातांनी त्याने वहिनीचं मनगट मोडलं. कारण काय, तर शर्टाचं बटण. वहिनीने प्लास्टर उतरेपर्यंत वाट पाहिली आणि एका सकाळी मुलीचं बोट धरून, सगळ्या बिऱ्हाडांच्या देखत जिना उतरून गेली. परत आली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही आले नसते, हे मी दादाच्या तोंडावर सांगितलंय.

मग एक दिवस स्लॅबचा तुकडा पाठीवर आला. पाठीत धातूची पट्टी बसली, स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, घण सोडाच, पाण्याची बादलीही उचलायची नाही. माणूस घरी बसला की भिंती खायला उठतात. त्यात हा, ज्याला भिंत म्हणजे पाडायची वस्तू! आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जे कधी भांडणात पडत नाहीत त्यांनी, आमचं रिकामं तळघर त्याला दिलं. "काहीतरी कर, पण माझ्या घराच्या भिंती सोड," असं म्हणाले.

दादाने तिथे पालेभाजी लावली. हसू नका. एका इमारतीचं पाडकाम चालू असताना वरच्या मजल्यावर त्याला जांभळ्या दिव्यांखाली पांढऱ्या पाइपांत वाढणारं लेट्युस दिसलं होतं. माती नावाला नाही. पाइपांना भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाटीत स्पंजसारखा ठोकळा आणि ठोकळ्यात रोप. खाली टाकी, टाकीत खताचं पाणी, ते पंपाने दिवसभर फिरत राहतं. म्हणे त्या दिवशी त्याने घण खाली ठेवला आणि घरमालकाला सामान उतरवायला मदत केली. मालकाने एक मांडणी त्यालाच देऊन टाकली. ती इतकी वर्षं त्याच्या खाटेखाली पडून होती. त्या एका मांडणीच्या त्याने भिंतभर मांडण्या केल्या. रोपांशी बोलायचा. "खा रे, पी रे, लाजू नका." जो पोटच्या पोरीशी कधी धड दोन वाक्यं बोलला नाही, तो!

आणि ती पोर परत आली ती ह्याच पाल्यामुळे. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला सँडविच आणि सॅलडचं छोटं कॅफे काढलं होतं. मी तिला गुपचूप दादाच्या पाल्याची एक पेटी नेऊन दिली. पाला कोवळा, करकरीत. "कुणाचा गं, आत्या?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ पान चावत राहिली. मग म्हणाली, चल.

तळघरात येऊन ती बापापुढे उभी राहिली. अंगाने आईवर, पण नजर दादाची. "दर आठवड्याला मी स्वतः पेट्या न्यायला येईन," ती म्हणाली. "बाबा, एकच अट. तुम्ही कुणावरही हात उचलायचा नाही. माणूस असो, बाई असो, कुत्रं असो. ज्या दिवशी कानावर येईल, त्या दिवसापासून मी येणार नाही. भांडणार नाही, रडणार नाही. फक्त येणार नाही."

"नाही उचलणार," दादा म्हणाला. आणि खरंच, त्याने पाळलं. हात शिवशिवायला लागले की खिशात घालायचा. तिच्या येण्याच्या दिवशी दाढी करायचा, नवा शर्ट घालायचा, पेट्या ओल्या फडक्याने पुसायचा. ती पाव तास थांबायची, पंप बघायची, कधी एखादं पान तोडून खायची. त्या पाव तासावर तो पुढचा आठवडा काढायचा. त्याला आता दुसरं काही नको होतं, हे मला दिसत होतं.

आणि मग ही चिलटं! जळ्ळं मेलं नशीब. आधी एखाददुसरं, नाकाशी घुटमळणारं. मग चहाच्या कपात, पापणीवर, तोंड उघडलं की घशात. हलकी, काळी, लांब तंगड्यांची. उडायचीसुद्धा आळशासारखी, पण हातात सापडतील तर शपथ. दादाचा दिवस टाळ्या वाजवण्यात जायला लागला. खाली गेलं की तळघरातून टाळ्यांचा आवाज, वाटायचं आत कीर्तन चाललंय. टाळी, शिवी, टाळी, शिवी.

एका आठवड्यात पोरगी आली ती पेटी टेबलावर न ठेवता हातात धरूनच. "एका गिऱ्हाइकाच्या ताटात चिलट निघालं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याने सगळ्यांसमोर ताट सरकवून दिलं. बाबा, पुन्हा असं झालं तर मला पाला दुसरीकडून घ्यावा लागेल. माझाही धंदा आहे." दादाचा चेहरा चुन्यासारखा झाला. पाला दुसरीकडून, म्हणजे पेट्या न्यायला येणं बंद. त्याला एवढंच ऐकू आलं.

ती गेली आणि युद्ध पेटलं. त्याने पिवळे चिकट कागद आणून छताला टांगले. संध्याकाळपर्यंत कागद काळे झाले आणि त्यातला एक माझ्या केसांना चिकटला. तो सोडवताना दादाने केसांसकट ओढला, मी त्याला कोपर मारलं. मग त्याने पाडकामाच्या दिवसांतला गॅसचा दिवा काढला, तो निळ्या जाळाचा, लोखंड कापायचा. "जाळतोच एकेकाला." जाळ फिरवत सुटला. चिलटं जळाली असतील चारदोन, पण त्याबरोबर वरचा पाइप मेणासारखा वितळला, पाणी धो धो खाली आलं, रोपांवरचा जांभळा दिवा फुटला, आणि आमचे हे वरून 'आग, आग' करत बादली घेऊन धावत आले ती त्यांनी दादाच्याच डोक्यावर ओतली. मी हसले, तर त्याने अशी नजर टाकली की हसू घशातच राहिलं. त्याने हात खिशात घातले होते.

मीच शेवटी शेजारणीच्या सांगण्यावरून बटाट्याच्या चकत्या कापून ठोकळ्यांवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चकत्या उलटल्या तर शिसारी आली. खालच्या बाजूला पारदर्शक अळ्या, काळ्या टोकाच्या, वळवळणाऱ्या. म्हणजे उडणारी मारून काय उपयोग? घर तर खाली होतं! ठोकळे सदा न् कदा ओलेगच्च, वर हिरवं शेवाळ, त्यावर ह्यांचं बाळंतपण. आणि ठोकळे ओले का, तर दादाने पंप दिवसरात्र चालू ठेवलेला. पोरांना तहान लागू नये म्हणून. प्रेमसुद्धा ह्या माणसाला हिशेबात करता येत नाही.

चौकातल्या औषधवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. हा औषधवाला म्हणजे काडी पैलवान, पण जीभ वस्तऱ्यासारखी. झाडांची औषधं विकतो. त्याने फ्रिजमधून एक पुडी काढली. "सूत्रकृमी," तो म्हणाला. "किडेच, पण डोळ्यांना दिसणार नाहीत. पाण्यात सोडायचे, ते ठोकळ्यात शिरतात आणि अळीच्या पोटात घुसून तिला आतून संपवतात. उडणारी चिलटं लगेच मरणार नाहीत, ती म्हातारी होऊन मरतील. नवी जन्मणार नाहीत. तोवर पाणी कमी करा, आणि मुख्य म्हणजे पाण्यात दुसरं काही ओतू नका. हे किडे जिवंत आहेत. हाताची घडी, तोंडावर बोट. जमेल?"

"जमेल," दादा म्हणाला.

त्याने पुडी इतक्या हळुवारपणे टाकीत सोडली की मला भरून आलं. वाकून पाण्याला म्हणाला, "जा रे, फाडा त्यांना." मग स्टूल घेऊन बसला. सकाळ झाली, चिलटं उडतच होती. दुपारी पापणीवर बसलं एक. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकात शिरलं, तो शिंकला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी वर होते. खाली येऊन बघते तर टाकीत पांढराशुभ्र फेस. ते जखमेवर ओतायचं फेसाळणारं औषध असतं ना, पेरॉक्साइड, त्याचा अख्खा कॅन त्याने ओतला होता. "बघ कसं उकळतंय!" दादा म्हणाला. डोळ्यांत काय चमक! पाडकामात भिंत कोसळताना असायची, तीच.

पाच दिवस बरे गेले. मग ठोकळ्यांच्या आतल्या अळ्या, ज्यांना फेस पोचलाच नव्हता, त्या सगळ्या चिलटं होऊन एकदम उडाल्या. तळघराचं दार उघडलं की तोंडावर काळा पडदा यायचा. मुळं तपकिरी झाली, पानं लोळायला लागली. दुसऱ्या दिवशी पोरगी यायची होती. दादाने दार लावलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याने मेलेले किडे दिले आपल्याला," आणि निघाला. त्याची पाठ बघूनच मला कळलं. चपलासुद्धा न घालता मी मागे धावले.

दुकानात गिऱ्हाइकं होती. दादाने काचेच्या टेबलावर मूठ ठेवली. "फसवलंस." औषधवाल्याने चष्मा वर केला. "टाकीत दुसरं काही ओतलंत?" "फेसाचं औषध ओतलं. तुझे किडे काही करेनात म्हणून." औषधवाला खो खो हसला. "अहो पैलवान, मग तुम्हीच मारलेत की ते! आधी आपली फौज उतरवली आणि मग तिच्यावरच तोफ डागली!" गिऱ्हाइकंही हसली. एक बाई तर पोट धरून.

मी म्हणाले, "दादा, चल." त्याला ऐकू गेलं नाही.

पहिला ठोसा ओठावर बसला. काच फुटल्याचा आवाज, बाटल्या, कुणीतरी किंकाळी फोडली. औषधवाला फळीवर आपटून खाली आला तर दादाने त्याला कॉलरला धरून उचलला आणि पुन्हा मारला. नाकातून रक्त, शर्टावर रक्त, तुटलेल्या चष्म्याची काडी कानात अडकलेली. आणि तो औषधवाला, चिवट मेला, मार खाताखाताही शिव्या देत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तरी कोण, तर फाशी देणारा! मी मागून दादाच्या दंडाला लटकले. "सोड! पोरीला शब्द दिलायस, सोड!" त्याने मला झटकलं. चिलट झटकतात तसं. मी लोखंडी मांडणीवर गेले, कोपरा कपाळात घुसला, आणि डोळ्यांत गरम गरम काहीतरी उतरलं.

मारणारा हात थांबला. दादा माझ्याकडे बघत होता. जन्मात पहिल्यांदा त्याचा हात मला लागला होता, म्हणजे असा लागला होता. "चिमणे," तो म्हणाला. मी म्हणाले, "माझ्याजवळ येऊ नकोस."

औषधवाल्याने तक्रार दिली, द्यायलाच हवी होती. दादाला चौकीवर बसवून ठेवलं. ह्यांनी हातापाया पडून त्याला सोडवून आणलं. मला कपाळाला टाके पडले. सकाळी दादा माझ्या दाराशी आला, दाढी केलेली, नवा शर्ट. मला वाटलं माफी मागेल. तर म्हणतो, "ती येईल आता. तू जिन्यावरून पडलीस असं सांग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "कपाळ माझं फुटलं, वर खोटंही मीच बोलू? लाज वाटते का?" त्याने हात जोडले. ते हात! "एवढं एकदा," तो म्हणाला. "ती गेली तर मी काय करू?" आता सांगा, काय करायचं अशा माणसाचं? मला त्याचा गळा दाबावासा वाटत होता आणि त्याची दयाही येत होती. मी हो म्हणाले.

पोरगी आली. आम्ही दोघं तळघरातच होतो. पट्टी बघून तिने पेट्या खाली ठेवल्या. "आत्या! काय झालं?"

"जिन्यावरून पडले गं. वय झालं."

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली, मग दादाकडे, मग परत माझ्याकडे. "आईपण पडायची," ती म्हणाली. "बाथरूममध्ये पडायची, दारावर आपटायची, ओट्याचा कोपरा लागायचा. कायम पडायची आई. मी तिला एकदाही पडताना पाहिलं नाही."

मी कपाळावरची पट्टी पदराने झाकली.

"मी ढकललं," दादा म्हणाला. "औषधवाल्याला मारलं. ही सोडवायला आली तर हिला ढकललं. ही पडली नाही. मीच हिला खोटं बोलायला लावलं."

पोरीने मान हलवली, जसं काही तिला हे आधीच माहीत होतं. "खरं बोललात, बरं झालं," ती म्हणाली. "बाबा, मी अट घातली होती." मग तिने मला मिठी मारली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आत्या, तू पुन्हा कुणासाठी पडू नकोस." पेट्या तिथेच ठेवून ती जिना चढून गेली. भांडली नाही, रडली नाही.

मी दादाला मारलं. हो, मी. हाताला लागली ती रिकामी पेटी घेऊन मारलं, खांद्यावर, पाठीवर, जिथे पट्टी होती तिथेसुद्धा. "घालवलीस! पुन्हा घालवलीस, राक्षसा!" तो उभा राहिला. हात मागे बांधून उभा राहिला. पेटी मोडली तेव्हा मी थांबले आणि तिथेच बसून ओक्साबोक्शी रडले.

मग त्याने कोपऱ्यातला घण उचलला. पाठीला डॉक्टरांची बंदी, तरी उचलला. मला वाटलं, संपलं, आता मांडण्या गेल्या. तो पहिल्या मांडणीपुढे उभा राहिला. चिलटं त्याच्या तोंडावर, ओठांवर, डोळ्यांच्या कडेला बसत होती. तो हलला नाही. मग घण खाली ठेवून त्याने हातांनीच एकेक रोप उपटायला घेतलं. कुजक्या मुळांसकट सगळं पोत्यात, पोतं बाहेर. पाइप उकळत्या पाण्याने धुतले, हात पोळले तरी धुतले. मी काही मदत केली नाही. पायरीवर बसून बघत राहिले.

पुन्हा पुडी आणायला मीच गेले. औषधवाल्याने माझ्या आईबापापासून सुरुवात करून सगळ्यांचा उद्धार केला, मी ऐकून घेतलं, ऐकण्यासारखंच होतं. शेवटी सुजलेल्या ओठाने म्हणाला, "ठोकळ्यांवर झाकणं घालायला सांगा त्या जनावराला," आणि पुडी दिली. दादाने प्रत्येक ठोकळ्यावर काळ्या प्लास्टिकची चकती कापून बसवली. पंप आता थांबून थांबून चालतो, वरचा भाग कोरडा राहतो. किडे सोडले आणि तो स्टुलावर बसला, तळहात मांड्यांखाली दाबून. चिलट नाकावर बसलं तरी हात काढला नाही. रोज तसाच बसायचा. मी खाली जायची, जेवणाचं ताट ठेवायची, बोलायची नाही.

हळूहळू पिवळे कागद पिवळेच राहायला लागले. नवं लेट्युस आलं, पहिल्यापेक्षाही देखणं. काल मी बटाट्याच्या चकत्या उलटून बघितल्या. स्वच्छ, जशा ठेवल्या तशा. एकही अळी नाही. राग धरून किती दिवस राहणार, शेवटी आपलंच माणूस. मला इतका आनंद झाला की मीच आधी बोलले. "दादा, एकही नाही बघ! सगळी संपली. आता तिला कळवू का?"

तो एक पान पुसत होता. पुसून झालं, मग म्हणाला, "नको. ती चिलटांमुळे नाही गेली गं."